ब्रेबॉर्न कोण होते ते आधी कळू द्या, नावाचं मग बघू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एक पत्र आलं होतं, चर्चगेटच्या ब्रेबॉर्न स्टेडियमचं नाव बदला आणि एखाद्या मराठी क्रिकेटपटूचं द्या, कोण कुठला इंग्रज, त्याचं नाव आपण किती वर्षं मिरवायचं, असं त्यात लिहिलं होतं. त्या वाचकांचा राग मला कळतो, एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. पण अख्ख्या पत्रात ब्रेबॉर्न कोण होते याची एक ओळसुद्धा नव्हती, आणि ते वाचताना माझ्या लक्षात आलं की मलाही काही सांगता येणार नाही. साठी उलटली माझी, जन्म गिरगावातला, पहिली टेस्ट मॅच ब्रेबॉर्नवर बघितली, १९७३ च्या फेब्रुवारीत वडील घेऊन गेले होते, गोदीतल्या त्यांच्या मित्राने दोन तिकिटं मिळवून दिली होती. विश्वनाथची सेंच्युरी झाली आणि त्या उंच टोनी ग्रेगने त्याला लहान बाळासारखं उचलून घेतलं, ते अजून डोळ्यासमोर आहे. पण ज्याच्या नावाच्या ग्राउंडवर बसून आम्ही डबा खाल्ला तो माणूस कोण, हे वडिलांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हणून मग या आठवड्यात बसून वाचून काढलं आणि जे सापडलं त्याने दोन रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. जरा मोठं झालंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

तर यांचं खरं नाव मायकेल नॅचबुल, आणि ब्रेबॉर्न हे त्यांचं आडनाव नाहीच, ती पदवी आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यात ॲशफर्डजवळ ब्रेबॉर्न नावाचं गाव आहे, त्यावरून. नॅचबुल घराणं तिथलं जुनं जमीनदार, मर्शम-ल-हॅच हा त्यांचा वाडा. इंग्रजी कादंबऱ्या लिहिणारी जेन ऑस्टिन माहीत असेल बऱ्याच जणांना, त्या जेनची लाडकी भाची फॅनी, ती या नॅचबुलांच्या घरात लग्न होऊन गेली १८२० मध्ये, आणि आत्याची पत्रं तिच्याकडे राहिली. फॅनीच्या मुलाने ती १८८४ मध्ये छापली, आणि १८८० मध्ये पहिला लॉर्ड ब्रेबॉर्न झाला तोही हाच. म्हणजे आपले गव्हर्नर या फॅनीचे पणतू. घराणं जुनं असलं तरी ही लॉर्डकी तशी नवीन, गव्हर्नर साहेब मुंबईत आले तेव्हा ती जेमतेम ५३ वर्षांची होती. म्हणजे इंग्लंडच्या हिशोबाने हे काही फार बडं प्रस्थ नव्हतं. क्लाइव्ह, डलहौसी, कर्झन ही नावं आपण शाळेत पाठ केली तशी यांची कोणी केली नाहीत, आणि मला वाटतं त्यामुळेच यांच्याबद्दल कोणाला काही माहीत नसतं.

ही लॉर्डकी मुळात यांच्याकडे यायचीही नव्हती. चुलतभाऊ विंडहॅम हा तिसरा लॉर्ड, तो मार्च १९१५ मध्ये फ्रान्समध्ये न्यू शापेलच्या लढाईत मारला गेला, त्याला मूल नव्हतं म्हणून पदवी काकाकडे गेली, ते सेसिल, म्हणजे मायकेलचे वडील. (त्याच लढाईत आपल्या हिंदुस्थानी पलटणी केवढ्या संख्येने होत्या, आणि आज न्यू शापेलला हिंदुस्थानी सैनिकांचं मोठं स्मारक आहे, हे मला याच निमित्ताने कळलं.) हे सेसिल तरुणपणी केंटकडून आणि केंब्रिज युनिव्हर्सिटीकडून क्रिकेट खेळलेले. म्हणजे ज्यांच्या नावाचं ग्राउंड आहे त्यांच्या घरात क्रिकेट होतं, अगदीच पाटी लावायला आणलेला माणूस नव्हता तो.

मायकेल स्वतः जन्मले १८९५ मध्ये. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानात गॅलिपोलीला लढले, शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला. १९१९ मध्ये लग्न झालं, मुलगी आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मार्क्वेसची, म्हणजे बड्या सरदाराची, डोरीन ब्राऊन. हे नाव लक्षात ठेवा, माझं अर्धं पत्र त्यांच्याबद्दलच आहे. १९३१ मध्ये मायकेल ॲशफर्डमधून कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार झाले आणि मग भारतमंत्री सॅम्युअल होर यांचे पार्लमेंटरी प्रायव्हेट सेक्रेटरी म्हणून लागले. म्हणजे हिंदुस्थानला किती अधिकार द्यायचे, फेडरेशन कसं करायचं हे सगळं जिथे शिजत होतं त्याच चुलीपाशी हे बसले होते. खासदारकी जेमतेम सव्वा वर्षाची, कारण फेब्रुवारी १९३३ मध्ये वडील वारले, पदवी अंगावर आली आणि तेव्हा लॉर्ड झाला की खालच्या सभागृहात बसता येत नसे. त्या रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक झाली त्यात पॅट्रिक स्पेन्स निवडून आले, हेच स्पेन्स पुढे आपल्या फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश झाले आणि फाळणीच्या वेळी मालमत्तेच्या वाटणीच्या लवादाचे अध्यक्षही. ॲशफर्डसारख्या एका मतदारसंघाचा आणि आपल्या देशाचा असा संबंध असेल हे कुठे माहीत असतं आपल्याला.

डिसेंबर १९३३ मध्ये ब्रेबॉर्न मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले, वय फक्त ३८. मुक्काम मलबार हिलच्या टोकाला, जिथे आज आपले राज्यपाल राहतात, आणि पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंडीत, जिथे आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मी हे लिहितोय म्हणजे गव्हर्नरांची आरती ओवाळतोय असं कृपा करून समजू नका. परकी सत्ता होती, माणूस लंडनहून नेमलेला होता, आपण त्याला निवडून दिलेलं नव्हतं. त्यांच्या काळात काय काय झालं ते बघा, १ एप्रिल १९३६ ला सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला, आणि १९३७ च्या सुरुवातीला नव्या कायद्याखाली पहिल्या निवडणुका झाल्या, काँग्रेस सगळ्यात मोठा पक्ष आला, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्षही चांगल्या जागा घेऊन आला. काँग्रेसचं म्हणणं असं की गव्हर्नरने आपले खास अधिकार वापरणार नाही अशी हमी द्यावी तरच आम्ही मंत्रिमंडळ बनवू, आणि ती हमी काही मिळाली नाही. त्यामुळे बाळासाहेब खेरांनी नकार दिला आणि ब्रेबॉर्नसाहेबांनी आपल्या साताऱ्याच्या सर धनजीशा कूपर यांना बोलावून सरकार बनवायला सांगितलं, १ एप्रिल १९३७ ला ते मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणायचे. बहुमत पाठीशी नसलेलं सरकार होतं ते, जुलैत खेर आले आणि ते संपलं. पण त्याच साडेतीन महिन्यांत, १० मे १९३७ ला, सावरकरांची रत्नागिरीची स्थानबद्धता उठली, त्या मंत्रिमंडळात जमनादास मेहता होते आणि त्यांनी सुटकेचा आग्रह धरला होता. गव्हर्नर तेव्हा अजून ब्रेबॉर्नच होते, मे अखेरीस ते मुंबई सोडून गेले. म्हणजे चांगलं म्हणा, वाईट म्हणा, आपल्या इतिहासाच्या एका महत्त्वाच्या वळणावर हा माणूस खुर्चीत बसलेला होता आणि आपल्या पोरांना त्यातलं एक अक्षर माहीत नाही.

आता ग्राउंडची गोष्ट. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला स्वतःचं ग्राउंड पाहिजे होतं आणि बॅकबेला समुद्रात भराव घालून नवीन जमीन तयार झालेली होती, पण ती सरकारची. क्लबचे सेक्रेटरी अँथनी डिमेलो गव्हर्नरकडे गेले आणि म्हणाले, साहेब, आमच्याकडून तुम्हाला काय पाहिजे, सरकारसाठी पैसा की स्वतःसाठी अमरत्व. साहेबांनी अमरत्व निवडलं आणि क्लबला ९०,००० चौरस वार जमीन साडेतेरा रुपये वाराने मिळाली, असं सांगतात. २२ मे १९३६ ला ब्रेबॉर्न यांच्या हातून पायाभरणी झाली. पण ७ डिसेंबर १९३७ ला स्टेडियम उघडलं तेव्हा ते मुंबईत नव्हते, बंगालचे गव्हर्नर होऊन कलकत्त्याला गेले होते, उद्घाटन त्यांच्या जागी आलेल्या लम्ली साहेबांनी केलं. पुढे त्याच ग्राउंडवर पेंटँग्युलरच्या, म्हणजे धर्मांवरून बनलेल्या पाच टीमच्या स्पर्धेच्या मॅचेस झाल्या, १९४३ मध्ये आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी टीमच्या ३८७ मधले ३०९ एकट्याने काढले, ही इनिंग जगात कुठे सांगितली तरी लोक तोंडात बोट घालतील. १९४८ मध्ये तिथे पहिली टेस्ट झाली, ७३ नंतर वानखेडेमुळे टेस्ट बंद झाल्या, आणि २००९ मध्ये एकदा परत झाली तेव्हा सेहवागने २९३ ठोकले. धोबीतलावला ब्रेबॉर्न नावाचं इराण्याचं हॉटेलसुद्धा होतं, बनमस्का खायला आम्ही कॉलेजची पोरं तिथे बसायचो, तेही नाव यांच्यावरूनच.

म्हणून मला वाटतं की ते नाव फुकट चिकटवलेलं नाही, त्याच्या बदल्यात मुंबईला जमीन मिळाली, तो एक सौदा होता आणि आपल्या माणसांनी तो फायद्यात केला. नव्वद वर्षं झाली त्याला. मी असतो तर नाव ठेवलं असतं. पण हा झाला माझा विचार, दुसऱ्याचा वेगळा असू शकतो आणि त्यावर मी भांडणार नाही.

माझी झोप गेली ती वेगळ्याच गोष्टीने. १९३८ मध्ये लिनलिथगो रजेवर गेले तेव्हा ब्रेबॉर्न काही महिने हंगामी व्हाइसरॉयसुद्धा होते, म्हणजे हा चाळिशीतला माणूस कदाचित आणखी वर चढला असता. पण २३ फेब्रुवारी १९३९ ला आजारपणात ते कलकत्त्यातच गेले, वय ४३. डोरीनबाई ४२ व्या वर्षी परक्या देशात विधवा झाल्या, दोन मुलगे, मोठा नॉर्टन १७ चा, धाकटा जॉन १४ चा. त्याच वर्षी कलकत्त्यात बंगालचे तेव्हाचे पंतप्रधान फजलुल हक यांनी मुसलमान मुलींसाठी कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं लेडी ब्रेबॉर्न कॉलेज, डोरीनबाईंच्या नावाने, आणि ते आजही चालू आहे, हजारो मुली तिथून शिकून गेल्या. कलकत्त्याच्या ब्रेबॉर्न रोडचं सरकारी नाव बदललं तरी लोक अजून ब्रेबॉर्न रोडच म्हणतात. म्हणजे बाईंचं नाव बंगालमध्ये घेतलं जातं. मुंबईत त्या साडेतीन वर्षं राहिल्या, आपल्याला त्यांचं नाव माहीत नाही.

मग दुसरं महायुद्ध. नॉर्टन, वडिलांनंतर सहावा लॉर्ड झालेला, ग्रेनेडियर गार्ड्समध्ये लेफ्टनंट, तो पकडला जाऊन इटलीत युद्धकैदी होता. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली तेव्हा जर्मन लोक कैद्यांना ट्रेनने जर्मनीला नेत होते, त्या ट्रेनमधून त्याने एका सोबत्याबरोबर उडी मारली, परत पकडला गेला, आणि १५ सप्टेंबरला हिटलरच्या एसएस दलाच्या लोकांनी दोघांनाही गोळ्या घातल्या. २१ वर्षांचा पोरगा, लग्नही झालं नव्हतं. साडेचार वर्षांत नवरा गेला आणि मोठा मुलगा गेला.

पदवी धाकट्या जॉनकडे आली. जॉन पुढे सिनेमाचा निर्माता झाला, १९८४ चा 'अ पॅसेज टू इंडिया' त्याच्याच निर्मितीतला, लहानपणी बघितलेला देश त्याच्या डोक्यातून गेला नसणार असं मला आपलं वाटतं. युद्धात तो माउंटबॅटन यांचा एडीसी, म्हणजे लष्करी मदतनीस होता आणि १९४६ मध्ये त्यांच्याच मोठ्या मुलीशी, पॅट्रिशियाशी, त्याचं लग्न झालं, करवल्यांमध्ये आताच्या राजाची आई, म्हणजे तेव्हाची राजकन्या एलिझाबेथ होती. पुढच्याच वर्षी माउंटबॅटन आपले शेवटचे व्हाइसरॉय होऊन दिल्लीला आले. म्हणजे ज्यांच्या नावाचं आपलं ग्राउंड, त्यांचे माउंटबॅटन हे व्याही झाले असते, पण व्याह्यांनी ते लग्न बघितलंच नाही, सात वर्षं आधीच गेलेले. डोरीनबाई विहीणबाई म्हणून एकट्याच उभ्या.

आणि मग १९७९. तेव्हा मी १६ वर्षांचा होतो, मला नीट आठवतंय, आमच्या चाळीत गॅलरीत पेपर उघडून सगळे उभे होते, माउंटबॅटनना आयर्लंडमध्ये बोटीत बॉम्ब लावून मारलं. आपल्या सरकारने सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला होता, आणि आमच्या चाळीत दोन तट पडले, काही म्हणाले फाळणीच्या घाईतून एवढी माणसं मेली त्या माणसाचा दुखवटा कसला, काही म्हणाले म्हातारा माणूस होता हो, नातवंडांबरोबर मासे पकडायला गेला होता. वडील काही बोलले नाहीत. त्या बोटीत आणखी कोण होतं ते आमच्यापैकी कोणीही वाचलं नाही, निदान मी तरी वाचलं नाही.

बोटीत सात जण होते. २७ ऑगस्ट, स्लायगो परगण्यातलं मुल्लामोर नावाचं बंदर. माउंटबॅटन, मुलगी पॅट्रिशिया, जावई जॉन, त्यांची १४ वर्षांची जुळी मुलं निकोलस आणि टिमथी, बोटीवर मदतीला १५ वर्षांचा पॉल मॅक्सवेल, आणि विहीणबाई डोरीन, ८३ वर्षांच्या. आयआरएने, म्हणजे आयर्लंडमधल्या इंग्रजी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, बोटीत बॉम्ब ठेवला होता, किनाऱ्यावरून रेडिओने उडवला. माउंटबॅटन, निकोलस आणि पॉल तिथेच गेले, डोरीनबाई दुसऱ्या दिवशी गेल्या. जॉन, पॅट्रिशिया आणि टिमथी वाचले पण इतके जखमी की निकोलस आणि आजीच्या अंत्यसंस्काराला आई-बाप आणि जुळा भाऊ यातलं कोणीही जाऊ शकलं नाही, ते हॉस्पिटलात होते.

ज्या बाईंच्या वडिलांची पदवीच स्लायगोची, त्या स्लायगोत गेल्या. बंडखोरांच्या हिशोबात त्या नव्हत्याच, त्यांचा राग माउंटबॅटनवर, इंग्रजी सत्तेवर. आयर्लंडमध्ये इंग्रजांनी शेकडो वर्षं काय केलं ते आपण समजू शकतो, आपल्याइतकं कोण समजू शकेल, दुष्काळ आपणही बघितलाय आणि परकं राज्यही. पण १५ वर्षांच्या पॉलचा यात काय दोष आणि ८३ वर्षांच्या म्हातारीचा काय, हे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही, कोणत्याही देशाचा कितीही मोठा देशभक्त असो.

मला त्रास या गोष्टीचा होतो की दहाव्या वर्षी मी त्या बाईंच्या नवऱ्याच्या नावाच्या ग्राउंडवर वडिलांच्या मांडीला खेटून बसलो होतो, आणि सोळाव्या वर्षी त्यांच्या मरणाची बातमी माझ्या हातात होती, आणि या दोन गोष्टी एकच आहेत हे कळायला मला आणखी चाळीसेक वर्षं लागली, तीही एका रागाच्या पत्रामुळे. त्या वाचकांचे म्हणून मी मनापासून आभार मानतो, त्यांनी लिहिलं नसतं तर मी वाचलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्टेडियमबाहेर, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला उभं राहून वाचता येईल अशा जागी, मराठीत एक पाटी लावावी. त्यात मायकेल नॅचबुल कोण, कोणत्या सालात गव्हर्नर होते, जमीन कशी मिळाली, ते लिहावं, आणि १९३७ च्या सरकारचं आणि कूपरांचंही लिहावं, काही लपवू नये, परकं राज्य होतं हेही स्पष्ट लिहावं. हजारेंच्या ३०९ चं तर मोठ्या अक्षरात लिहावं. आणि शेवटी दोन ओळी डोरीनबाईंवर. नंतर पाच-दहा वर्षांनी लोकांनी ते वाचून ठरवलं की नाव बदलायचंय तर खुशाल बदलावं, मी तेव्हा असेन नसेन, माझी हरकत नाही. न वाचता बदलू नका.

आणखी एक विनंती तुमच्यामार्फत सगळ्या वाचकांना. १९३३ ते ३७ या काळात कोणाचे आजोबा-पणजोबा मलबार हिलच्या गव्हर्नर हाऊसमध्ये माळी, खानसामे, शिपाई, ड्रायव्हर म्हणून कामाला असतील, किंवा गणेशखिंडीत किंवा महाबळेश्वरला असतील, आणि घरात लेडी ब्रेबॉर्नबद्दल काही सांगितलं जात असेल, एखादा फोटो असेल, एखादं सर्टिफिकेट असेल, तर कृपया या पेपरकडे लिहून पाठवा. गव्हर्नरांचे कागद लंडनला जपून ठेवलेले असतात, पण त्या घरात पाणी भरणाऱ्या मराठी माणसाने त्या बाईंना कसं पाहिलं ते कुठल्याही कागदात नाही, ते फक्त आपल्या घरांत असेल, आणि ती सांगणारी पिढी आता जवळपास संपत आली आहे.

आपला,
एक जुना गिरगावकर, हल्ली मुक्काम डोंबिवली